पालो आल्टोला सेस्ना उतरवताना

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो विमानतळाची धावपट्टी २,४४३ फूट लांब आणि अवघी ७० फूट रुंद. मी सेस्ना १७२ हे छोटं विमान चालवायला शिकलो ते इथेच. एवढ्याशा पट्टीवर नीट उतरायचं तर सगळी कामं आधीच उरकलेली लागतात.

साधारण दहा मैलांवर असतानाच हवा-वाऱ्याची ध्वनिमुद्रित माहिती ऐकायची, मग विमानतळाच्या नियंत्रण टॉवरशी बोलायचं. वारा वायव्येचा असला की धावपट्टी ३१ मिळते, म्हणजे वायव्येकडे तोंड करून उतरायचं. तिच्यासाठी उतरण्याआधी मारायचा फेरा उजव्या हाताचा, खाडीच्या बाजूने. ८०० फुटांवर धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना खाली दलदल दिसते, मिठागरं दिसतात, पण बघत बसायला सवड नसते. इंधन दोन्ही टाक्यांवर, मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण ठरवणारी खुंटी) पूर्ण आत, दिवा चालू, पट्टे आवळलेले. सेस्नाची चाकं कायम बाहेरच असतात, तरी ‘चाकं खाली’ हे मोठ्याने म्हणायची सवय इन्स्ट्रक्टरने लावली. उद्या चाकं आत घेणारं विमान हाती आलं तर तोंडातून ते आपसूक यावं म्हणून. या सवयीबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे.

धावपट्टीचं टोक खांद्याशी आलं की पॉवर कमी करायची. वेग ११० नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आत आल्यावर फ्लॅप्स, म्हणजे पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या झडपा, १० अंश, पुढचे ८५ च्या आत आल्यावरच.

मी सर्वांत जास्त घोटून घेतलं ते शेवटचं वळण. वळायला जरा उशीर झाला की विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे जातं आणि रडर (शेपटीचं सुकाणू) जास्त दाबून नाक ओढून आणायचा मोह होतो. कमी वेगात तसं केलं आणि नाकही वर खेचलं, तर आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल जाते, विमान गिरकी घेतं आणि सावरायला खाली उंचीच नसते. म्हणून तिथे ३० अंशांपेक्षा जास्त कलायचं नाही, हा माझा नियम. रेष हुकली तर हुकली, दुसरा फेरा मारता येतो.

रेषेत आल्यावर वेग ६५ नॉट. धावपट्टीवरचा एक ठिपका धरायचा. काचेत तो वर सरकला तर आपण अलीकडेच पडणार, खाली सरकला तर पलीकडे जाणार. जागचा हलला नाही तर उतार बरोबर.

३०० फुटांवर वेग, रेष, उतार यांतलं एक जरी बिनसलेलं असलं तरी मी थ्रॉटल (इंजिनची ताकद वाढवणारी खुंटी) पूर्ण आत ढकलतो, फ्लॅप्स आधी २० वर घेतो, चढ पक्का झाला की बाकीचे, आणि मग टॉवरला ‘गो-अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा फेरा मारतोय, असं कळवतो.