रेड हॉट पोकरला ऑक्टोबर छाटणी नाही

तुम्ही विचारलंत म्हणून. ‘ऑक्टोबर लागला, रेड हॉट पोकरची पाती लोळायला लागली, आता जमिनीलगत कापून टाकू का?’ ब्रिटनमध्ये घरामागे बाग करणाऱ्या मराठी मंडळींचा हा दरवर्षीचा प्रश्न. (रेड हॉट पोकर, म्हणजे क्निफोफिया: लांब पातींचं, लाल-पिवळ्या उभ्या फुलदांड्यांचं झाड.) उत्तर ‘नको’ एवढंच आहे. पण नुसत्या ‘नको’वर कोणी थांबत नाही, पुढच्या ऑक्टोबरात कात्री परत हातात येतेच, म्हणून कारणासकट सांगतो.

आपल्या डोक्यात ऑक्टोबर म्हणजे छाटणी. गुलाब तेव्हा छाटतात, आणि द्राक्षाच्या फळछाटणीचं तर नावच ‘ऑक्टोबर छाटणी’ पडलंय. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराच्या भाषेत सांगायचं तर पोकरला फक्त एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे बुडालगतची कापणी, असते, ऑक्टोबरची नसते.

का, ते पातीकडे बघितलं की कळतं. एक पात बुडापासून हाताळून पाहा (हातमोजे घालून, कडांना बारीक करवतीसारखे दाते असतात). ती मधल्या शिरेवर दुमडलेली असते, म्हणजे सरळ पन्हळच. पातीवर पडलेला थेंब घरंगळत गड्ड्याच्या (पाती जिथून फुटतात त्या बुडाच्या) पोटात जातो. दक्षिण आफ्रिकेत, ड्रॅकेन्सबर्ग डोंगरांच्या गवताळ उतारांवर आणि ओढ्याकाठी, ही सोय फार उपयोगाची. तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो, बराचसा आपल्या घाटमाथ्यासारखा. ब्रिटनमध्ये मात्र थंडीतच ओल जास्त. पन्हळ आपलं काम करत राहते, पाणी गड्ड्यात साचतं, रात्री गोठतं, आणि फेब्रुवारीपर्यंत मधला कोंब सडलेला असतो. लोक म्हणतात झाड थंडीने गेलं. बहुतेक वेळा ते थंडीपेक्षा ओलीने गेलेलं असतं. पाती कापून ठेवलीत तर गड्ड्यावरचं छप्पर जातं आणि उरलेल्या बुडख्यांच्या खाचांत पाणी थेट उतरतं.

म्हणून नोव्हेंबरात कात्रीऐवजी सुतळी घ्या. आधी बुडाशी बोटं घालून गोगलगायी वेचून काढा, नाहीतर त्यांना हिवाळ्यासाठी आयतं घर मिळतं. मग सगळ्या पाती मुठीत गोळा करून वर उचला, गड्ड्यावर शेंडी बांधतात तशा सैल बांधा आणि टोकं बाहेरच्या बाजूला खाली मुडपा. पाणी आता बाहेर गळतं. पहिल्याच हिवाळ्यातलं रोप असेल तर भोवती 10 सेंटिमीटर जाडीचं पेंढ्याचं किंवा झाडाच्या सालींचं कोरडं आच्छादन द्या. गड्ड्याच्या मधोमध मात्र ते कोंबू नका. कॉर्नवॉलसारख्या सौम्य हवेच्या भागात, निचऱ्याच्या जमिनीत, बांधायचीही गरज पडत नाही.

खरड छाटणी मार्चअखेर ते एप्रिल. कडक दहिवर सरलं आणि मधून हिरवी टोकं दिसू लागली की सुतळी सोडा. तपकिरी पाती हाताने ओढल्या की निघून येतात, उरलेल्या 8 सेंटिमीटरवर कापा. पाती हिरव्याच राहिल्या असतील तर हट्टाने कापू नका, वाळलेल्या तेवढ्या काढा. मधली पात ओढल्यावर अलगद हातात आली आणि बुडाला घाण वास असेल तर तो कोंब गेला. घट्ट पांढरा भाग लागेपर्यंत सडका भाग कापा. बाजूचे फुटवे बऱ्याचदा वाचलेले असतात, त्यामुळे गड्डा लगेच उपटू नका.

एक अपवाद लक्षात ठेवा. निळसर-राखाडी पातींचा ‘कौलेसेन्स’ जमिनीवर आडवं, जाडजूड खोड धरतो. त्याला खरडही नाही. खालच्या वाळक्या पाती काढायच्या आणि सोडून द्यायचं.

फुलांच्या दांड्याची गोष्ट वेगळी, तो वेळीच कापावा. फुलं खालून वर उमलतात. कळी लाल, उमलली की पिवळी, म्हणून एकाच दांड्यावर निखारा आणि ज्योत दोन्ही दिसतात. (आफ्रिकान्स भाषेत याला ‘अग्निबाण’ अशा अर्थाचं नाव आहे. ‘पोकर’ या इंग्रजी नावातल्या, आगीत खुपसायच्या सळईपेक्षा ते जास्त शोभतं.) शेंड्याच्या कळ्या उमलून खालचा बहुतेक भाग तपकिरी झाला की दांडा पातींत हात घालून अगदी बुडातून कापा. अर्धवट ठेवलेला खुंट आत सडत बसतो. ‘पॉप्सिकल’ मालिकेतल्या बुटक्या जातींना यामुळे पुन्हा दांडे येतात. एकदाच फुलणाऱ्या जातींत निदान बी धरण्यात जाणारी ताकद वाचते. कॅलिफोर्नियात किंवा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियात असाल तर बी पडू देऊच नका, तिथे हे झाड बागेबाहेर पसरतं.

‘पाती भरघोस, फूल नाही’ या तक्रारीमागे बहुधा पाणी असतं, तेही कमी पडलेलं. हे झाड कोरफडीच्या घराण्यातलं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसने तर याच्या एका जातीला कोरफडीतच घातलं होतं. त्यामुळे ‘पाणी नको याला’ असा समज होतो. पण मूळ ओढ्याकाठचं आहे हे. एप्रिल-मे कोरडे गेले तर कळी धरतानाच दांडे कमी होतात, आलेले आखूड राहतात. त्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा, वरवर न शिंपडता, मुळांपर्यंत जाईल इतकं पाणी द्या. दुसरं कारण सावली. सहा तास ऊन हवंच. तिसरं, खोल लावलेला गड्डा. त्याचं तोंड जमिनीच्या पातळीलाच असावं. आणि चौथं, लॉनचं खत. लॉनला घातलेलं नत्र वाफ्यात उतरलं की नुसती पाती माजतात. वसंतात चौरस मीटरला 50 ते 70 ग्रॅम साधं संतुलित खत पुरे. चिकणमाती असेल तर खतावर पैसे घालवण्याआधी वाफा 15-20 सेंटिमीटर उंच करा आणि खडी मिसळा.

फुलांवर, पातींवर चंदेरी ठिपके दिसले तर ते फुलकिडे. कोरड्या उन्हाळ्यात येतात. पाणी नीट दिलंत तर जोर कमी होतो, डागाळलेले दांडे काढून टाका.

गड्डा चार-पाच वर्षांत दाटतो, मध्यभाग पोकळ पडतो. तेव्हा विभागणी करायची, तीही वसंतातच. हिवाळ्याच्या तोंडावर फोडलेला तुकडा मुळं धरण्याआधीच सडतो. सगळा गड्डा उपटायची गरज नाही, त्याला ते आवडतही नाही. कडेची माती उकरा, मुळासकटचं पिल्लू धारदार सुरीने वेगळं करा, पाती निम्म्या छाटा आणि 50-60 सेंटिमीटर अंतरावर लावा. बियांपासून करण्याचा मोह होतो, पण नावाच्या जाती बियांतून तशाच उतरत नाहीत, आणि फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. पिल्लू लावलंत तरी पहिल्या उन्हाळ्यात फुलाची वाट बघू नका. दांडा नाही आला म्हणून खत वाढवू नका, आणि मुळं धरली का ते बघायला उकरूही नका.