काम जास्त आहे की ताण आहे?

‘काम तर सगळ्यांनाच असतं. मला होतोय तो ताणच, हे कशावरून ओळखायचं? आणि ओळखलं तरी नोकरी थोडीच सोडता येते, मग करायचं काय?’ हे वारंवार विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

ताण कामाच्या ढिगावरून मोजू नका, थकवा उतरतो की नाही ते बघा. दिवसभर राबून रात्री गाढ झोप लागली, सकाळी हुशारी वाटली, तर ते नुसतं काम. पण सुट्टीची संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, पहाटे जाग येऊन अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं, तोच ईमेल चारदा वाचूनही समजत नाही, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर तो ताण. जबडा आवळलेला असतो, खांदे वर चढलेले असतात; आपल्याला पत्ताही नसतो. हे असंच साचत गेलं की बर्नआउट येतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. यातला कडवटपणा लोक स्वभावावर ढकलतात, म्हणून तो बऱ्याचदा उशिरा ओळखला जातो.

कारण शोधायला दहा कामाचे दिवस एक छोटी वही ठेवा. त्रास जाणवला की तीनच गोष्टी लिहा: वेळ, तेव्हा काय चाललं होतं, शरीरात काय झालं. ‘आज फार डोकं दुखलं’ या नोंदीचा उपयोग नाही. ‘११:४०, अहवाल अर्धा, तिसरा फोन आला, मान आखडली’ ही नोंद कामाची. रात्री आठवून लिहू नका; तोवर सगळा दिवस सारखाच वाईट वाटायला लागतो. दहा दिवसांत बहुधा दोन-तीन कारणंच पुन्हा पुन्हा दिसतात: सततचा व्यत्यय, दोन वरिष्ठांच्या परस्परविरोधी सूचना, किंवा जबाबदारी आपली आणि निर्णय मात्र दुसऱ्याचा. हे शेवटचं फार पोखरतं. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं, की मागण्या जास्त आणि कामावरचा ताबा कमी, ही जोडी सगळ्यात त्रासदायक.

मग वरिष्ठांशी बोला, पण डोकं तापलेलं असताना नको. ‘मला फार ताण येतो’ एवढंच सांगितलं की ‘चार दिवस रजा घ्या’ हे उत्तर मिळतं आणि परत आल्यावर ढीग तसाच असतो. त्यापेक्षा कागद पुढे ठेवून म्हणा, ‘माझ्याकडे ही पाच कामं आहेत. शुक्रवारपर्यंत तीन नीट होतील. कोणती तीन आधी करू?’ जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींत लिहून पाठवा, नाहीतर आठवड्याने पाचही कामांचा जाब तुम्हालाच विचारला जाईल.

श्वासाचा उपाय खरा आहे, पण तेवढ्यापुरता. चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. कठीण बैठकीआधी जरूर करा. चुकीच्या कामवाटपावर मात्र तो उपाय नव्हे.

निघण्याआधीची दहा मिनिटं राखून ठेवा. काय राहिलं आणि उद्या पहिलं पाऊल कोणतं, ते लिहा. ‘अहवाल पूर्ण करणे’ असं मोघम नको. ‘तिसऱ्या तक्त्यातले आकडे तपासणे’ असं लिहा. पाऊल ठरलेलं असलं की मन ते काम घरी फारसं उगाळत नाही.

झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, किंवा दिवस ढकलायला दारू लागत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. छातीत दुखलं किंवा जीव नकोसा वाटला, तर त्याच क्षणी मदत मागा, हातातलं काम तसंच टाकून.