भाव... काय?

मागच्या दिवाळीत अण्णांना झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात हळूहळू सावरला, वाचा मात्र अडकली. गावात लोक म्हणायचे, डोकं गेलं. पोटात कालवायचं, कारण अण्णांना ते कळत होतं. वाचाघातात शब्द सापडत नाहीत, अक्कल शाबूत असते.

आठवड्यातून 2 दिवस आम्ही औशाहून लातूरला स्पीच थेरपीला जातो. तिथल्या ताईंनी अण्णांइतकंच मला शिकवलं. टीव्ही बंद करायचा. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, मग थांबायचं, मनात 10 मोजायचे. त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. शब्द नाही आला तर खूण, चित्र, पाटी, सगळं चालतं. (इतके महिने आम्ही घरचे त्यांच्या तोंडातला शब्द हिसकावत होतो. प्रेमानंच.) आकडे, वार, भजनाची ओळ अण्णा सलग म्हणतात, त्यातला एकच शब्द वेगळा काढायचा म्हटलं की घाम फुटतो.

आज परतताना एसटीत शेजारी मोंढ्यात सोयाबीन घालून आलेला एक शेतकरी बसला होता. अण्णांनी त्याच्याकडं बघितलं, बोटं चोळली.

"भाव... काय?"

त्यानं सांगितला.

"कमी," अण्णा म्हणाले.

मग तो माणूस औसा येईपर्यंत बोलत राहिला, अन् अण्णा मध्येच "हां", "पाऊस", "नाही" म्हणत राहिले. मी खिडकीबाहेर बघत होतो. मध्ये एक शब्द बोललो नाही.