जुन्या गाडीचे पार्ट शोधायला म्हापशाला जाताय? मग हे वाचा

सावंतवाडीहून म्हापशाला खास पार्टसाठी जाऊन आलो, माझी यामाहा आरएक्स हंड्रेड आणि भावोजींची हिरो होंडा सीडी हंड्रेड, दोन्ही 1985 ला बाजारात आलेली मोटरसायकलची मॉडेलं, आता सामान मिळवायचं म्हणजे डोकेदुखीच. बांदा, पत्रादेवी, कोलवाळचा पूल ओलांडला की म्हापसा, रस्ता सोपा. फक्त शुक्रवारी जाऊ नका, बाजाराचा दिवस, गाडी लावायला जागा नाही. आणि दुपारी एक ते तीन-साडेतीन बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा जेवून घ्या.

दुकान कुठलं हे नेटवर शोधण्यापेक्षा स्टँडवरच्या पायलटांना विचारा, म्हणजे गोव्यातले मोटरसायकल टॅक्सीवाले, तेच ते पिवळ्या मडगार्डवाले. गाडी बंद तर त्या दिवसाची कमाई बंद, त्यामुळे कोणाकडे डुप्लिकेट मिळतं आणि कोण खरं बोलतो हे त्यांना पक्कं माहीत.

भावोजींचं काम पटकन झालं. सीडी हंड्रेड आणि स्प्लेंडरचं इंजिन एकाच घराण्यातलं, 97.2 सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास 50 मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली धाव 49.5, त्यामुळे रिंगा-पिस्टन स्प्लेंडरच्या नावानं मागितले तरी काम होतं, फक्त जुना पीस शेजारी ठेवून बघायचा.

माझं मात्र लांबलं. एका दुकानात आरएक्सचा पिस्टन म्हटल्यावर आरएक्स 135 या मोठ्या मॉडेलचा डबा पुढे केला, वर "बसतंय हो" पण ऐकवलं. अहो स्ट्रोक दोघांचा 50 च, पण बोअर हंड्रेडचा 50 आणि 135 चा 58, कसा बसणार! दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या पात्रांवांनी, म्हणजे मालकांनी, मॉडेल विचारलंच नाही, "पोरनें हाडलां?" (जुनं आणलंय का?) एवढंच, मी जुनी बेअरिंग आणि क्रँकचा सील काढून समोर ठेवला. खरी मेख तिथंच आहे, बेअरिंग गाडीच्या नावानं मागायचीच नाही, नंबरनं मागायची, 6204 म्हणजे आतला व्यास 20 मिमी, बाहेरचा 47, रुंदी 14, मग ती मोटरसायकलची असो की पंपाची. नुसतं आतलं माप बघून घेऊ नका, 6004 पण आत 20 च असते पण बाहेर 42. क्रँकला सी3 लिहिलेलीच घ्या, थोडी सैल असते, इंजिन तापल्यावर आवळत नाही. ऑइल सीलवर पण तीन मापं छापलेली असतात, आत-बाहेर-जाडी, पुसली असतील तर व्हर्निअरनं मोजून न्या. आणि आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकच्या क्रँक सीलमध्ये पैसे वाचवू नका, तिथून हवा ओढली तर मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी, आणि पिस्टन जाम.

प्लगमध्ये पण बघा. एनजीके कंपनीच्या स्पार्क प्लगच्या नंबरात सुरुवातीचा बी म्हणजे 14 मिमी आटे, सी म्हणजे 10. पुढचा एच म्हणजे आट्यांची लांबी 12.7, ई म्हणजे 19. एचच्या जागी ई लावला तर पिस्टनवर आपटू शकतो, मग ब्लॉकच (सिलिंडर) काढा.

सेकंडहँड चाक घेणार असाल तर किनाऱ्यावरच्या गाडीचं घेताना स्पोकच्या निपलकडे, म्हणजे रिमजवळ स्पोक आवळतात त्या छोट्या नटाकडे बघा, खारी हवा तिथं आधी खाते, वरून क्रोम कितीही चकचकीत असो. मला एक मिळत होतं, भावपण चांगला होता, पण निपल फिरेचनात, सोडून दिलं. 0.50 मिमी ओव्हरसाईझ, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा मोठा पिस्टन बघायला आता मडगावला जाईन म्हणतो, त्याआधी लेथवाल्याकडून ब्लॉक मोजून घेतो.