मागच्या बाकावरचा हात

आठवीत असताना मी विज्ञानाच्या बाईंना विचारलं, "बाई, हरिपूरच्या पेवातल्या हळदीला कीड का लागत नाही?" हरिपूर सांगलीला लागूनच. माझे मामा सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते, त्यामुळे घरात पेवांचा विषय कायम असायचा. बाईंनी उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, "शनिवारचा शेवटचा तास तुझा. तुला काय वाटतं ते आधी वहीत लिही. आणि ते चुकीचं असेल तर कसं कळेल, तेही लिही."

२००५च्या महापुरात हरिपूरची बरीच पेवं निकामी झाली, म्हणून आजच्या मुलांसाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. हळद भरून तोंड मातीनं बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकायची.

बाईंनी स्वतः मालकाची परवानगी काढली. मी आणि वर्गातले दोघं, अशा आम्हां तिघांना पेवापासून चार हात लांब उभं केलं. त्या बाबतीत आमचं काही चाललं नाही. हमालांनी तोंड उघडलं, दोरीला कंदील बांधून आत सोडला. तो विझला. बराच वेळ पेव तसंच उघडं ठेवून पुन्हा सोडला, तेव्हा जळत राहिला. "दिवा जळत न्हाई तवर माणूस उतरत न्हाई," एक हमालमामा म्हणाले. परतताना सायकलवरच आमचा अंदाज ठरला: दिवा विझतो, तर किडाही गुदमरत असणार.

घरची सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, लागलेली ज्वारी आणली. दोन बरण्या केल्या. एकीच्या तोंडाला फडकं बांधलं, दुसरीचं झाकण मेणानं बंद केलं, आणि दोन्ही वर्गाच्या खिडकीत ठेवल्या. तीन आठवड्यांनी बघतो तर दोन्हींत सोंडे जिवंत! मला रडू आलं. बंद बरणी आम्ही अर्धीच भरली होती, वर हवा भरपूर उरली होती. बाईंना हे पहिल्याच दिवशी दिसलं असणार. त्या रोज त्या खिडकीजवळून जायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. आता मी स्वतः शिकवतो. मूल चुकीच्या वाटेनं निघालेलं दिसत असताना तीन आठवडे गप्प राहणं किती अवघड आहे, ते मला रोज कळतं. मला अजून तीन मिनिटंही जमत नाही. त्या दिवशीही त्यांनी एवढंच विचारलं, "पेव आणि तुमची बरणी, फरक काय?" बरणीकडे बघत बसलो. उत्तर आमच्यातल्या सगळ्यात अबोल मुलानं दिलं.

दुसऱ्यांदा ज्वारी काठोकाठ भरली, मेण दोनदा ओतलं. या वेळी बंद बरणीतले सोंडे मेलेले निघाले, फडक्याखालचे चालत होते.

शनिवारी मी फळ्यासमोर उभा राहून सगळं सांगितलं. बाई मागच्या बाकावर मुलींच्या शेजारी बसल्या होत्या. वर्गानं टाळ्या वाजवल्या, आणि त्यांनी आमच्यासारखाच हात वर केला.

"सोंडे मेले. दाण्यातल्या अंड्यांचं काय?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. आम्ही तिघांनी ठरवलं, ही ज्वारी टाकायची नाही. बरणीला फडकं बांधलं, तारीख लिहिली आणि ती परत खिडकीत ठेवली.