बोटीवरच्या संडासाचा वास: आधी नाक चालवा, मग पाना

बोटीवर संडासाचा वास येतोय असं नुसतं म्हणून बघा, मरीनावरच्या, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावरच्या, प्रत्येकाकडे एकेक औषध निघतं. कुणी निळं लिक्विड सांगतो, कुणी गोळ्या, कुणी लाँड्रीची पावडर ओत म्हणतो, आणि बोटीच्या सामानाच्या दुकानात तर या बाटल्यांचं अख्खं कपाटच असतं. माझं मत वेगळं आहे. वास कधी येतो आणि कसला येतो एवढं नीट बघितलं तर निम्मं काम तिथेच होतं, कारण बोटीच्या संडासाला एक वास नसतो, तीन असतात, आणि तिघांची कारणं तीन ठिकाणी, त्यातलं एकही बाटलीने बरं होत नाही.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमची बोट शिडाची, जुनी, तीस फुटी, अमेरिकेत मेरीलँड राज्यात, चेसापीक बे या उपसागरात अ‍ॅनापोलिस शहराजवळच्या एका खाडीत उभी असते. टॉयलेट हातपंपाचं. म्हणजे भांड्याच्या बाजूला एक दांडा, तो वरखाली करायचा, शेजारी छोटा खटका, खटका एका बाजूला असला की पंप बाहेरचं खारं पाणी आत ओढतो आणि दुसऱ्या बाजूला केला की नुसतं भांडं रिकामं करतो. तिथून दीड इंची नळीने सगळा माल होल्डिंग टँकमध्ये, म्हणजे मैला साठवायच्या टाकीत. या टाकीला तीन नळ्या: एक टॉयलेटकडून येणारी, एक वर डेकवर जाणारी, जिथून पंप-आउट स्टेशनवाले मशीनने सगळं ओढून घेतात, आणि एक बारकी, हवेची, जी बोटीच्या कडेला बाहेर उघडते. या बारक्या नळीकडे सगळ्यात कमी लोकांचं लक्ष असतं आणि सगळ्यात जास्त रामायण तीच घडवते.

(घरून फोन आला की हमखास प्रश्न येतो, "अरे एवढा समुद्र आहे, सोडून द्यायचं की सरळ!" नाही बाबा. अमेरिकेत किनाऱ्यापासून तीन नॉटिकल मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडायला बंदी आहे आणि चेसापीक बे तर अख्खाच त्या हद्दीत येतो. माल टाकीत जाणार की बाहेर हे ठरवणारा वाय-व्हॉल्व बोटीवर असेल तर तो टाकीच्या बाजूला वळवून कुलूप किंवा झिप-टाय लावून ठेवायचा. 1992 च्या क्लीन व्हेसल अ‍ॅक्टमुळे पंप-आउट स्टेशनं उभारायला सरकारी अनुदान मिळतं, त्यामुळे मेरीलँडमध्ये टाकी रिकामी करणं अगदी स्वस्त पडतं, मग कशाला उगाच पाणी घाण करायचं.)

तर पहिला वास. आठवडाभर बोट बंद होती, शनिवारी सकाळी येऊन पहिला पंप मारला की सडक्या अंड्याचा भपका, दहा-बारा पंपांनंतर गायब. लोक लगेच टाकीला शिव्या घालतात, पण टाकीचा इथे काडीचा संबंध नाही. हे आत येणाऱ्या नळीत अडकून पडलेलं खारं पाणी. त्यातले बारीकसारीक जीव मरतात, कुजतात, आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. म्हणजे टॉयलेट कुणी वापरलं नाही तरी वास येणारच, उलट न वापरल्यानेच जास्त येतो. उपाय असा की निघायच्या आधी ती नळी गोड्या पाण्याने धुऊन ठेवायची. आमच्या बोटीवर पाणी ओढायची नळी बाथरूमच्या सिंकच्या ड्रेनला टी लावून जोडलीये, त्यामुळे सीकॉक, म्हणजे बोटीच्या भोकावरचा समुद्राचं पाणी रोखणारा व्हॉल्व, बंद करायचा, सिंक गोड्या पाण्याने भरायचं आणि पंप मारत राहायचं, पंप सिंकमधलं पाणी ओढून पुढे ढकलतो, आपोआप सगळं स्वच्छ. भांड्यात वरून बादलीभर पाणी ओतून हे होत नाही कारण ते पाणी आत येणाऱ्या नळीत जातच नाही. आणि कुणी सांगितलं की सरळ पिण्याच्या पाण्याच्या लाइनला टॉयलेट जोडून टाक, तर अजिबात ऐकू नका, घाण पिण्याच्या पाण्यात उलटी जायची वाट कशाला करून ठेवायची.

सीकॉकचा विषय निघालाच आहे तर, बोट सोडून जाताना तो बंदच पाहिजे. टॉयलेट पाण्याच्या पातळीच्या खाली असतं, मधली नळी वर उचलून लूप केलेली असते आणि लूपच्या माथ्यावर हवा आत घेणारा एक बारका व्हॉल्व असतो, तो मिठाने चिकटला की सायफन चालू होतो आणि समुद्र निवांतपणे भांड्यातून बोटीत येतो. अशा बोटी धक्क्याला बांधलेल्या बुडतात, वादळ वगैरे काही लागत नाही.

दुसरा वास म्हणजे पंप मारतानाच येणारा, गटाराचा, आणि त्याच्याबरोबर दांडा जड लागायला लागतो, टाकीतून गुडगुड आवाज येतो. आमच्याकडे हे सुरू झालं तेव्हा सासरे आलेले होते, पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर म्हणून आयुष्य गेलेलं, त्यांना बोटीतलं ओ की ठो माहीत नाही पण टाकी बघितल्याबरोबर म्हणाले, "जावईबापू, याची व्हेंट पाइप कुठंय?" बरोबर आहे ना, आपल्याकडे घराच्या सेप्टिक टँकला तो उंच पाइप असतो, वर जाळी बांधलेली, तोच प्रकार इथे आडवा करून बोटीच्या कुशीत बसवलाय. म्हटलं अण्णा, ती बाहेर आहे, डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, बघावी लागेल. गेलो. व्हेंटचं तोंड करंगळीएवढं, त्यावर बारीक जाळी, आणि जाळीच्या मागे कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, वाळून टणक झालेलं. तारेने कोरून कोरून काढलं, राखाडी मातीचे तुकडे, त्यात माशीने पिल्लांसाठी भरून ठेवलेले कोळी, मग बाहेरून होजचं पाणी मारलं, थोडा वेळ पाणी उलटं अंगावर आलं आणि एकदम आत शिरलं. दांडा त्याच दिवशी हलका. अण्णा धक्क्यावरून हाताची घडी घालून बघत होते, साइटवर उभे असल्यासारखे.

हे नुसतं दांड्याचं नाहीये, इथे खरी केमिस्ट्री आहे. टाकीत हवा खेळती असली की हवेवर जगणारे जिवाणू मैला पचवतात आणि त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो ज्याला वास नाही. हवा तोडली की दुसरी जमात वाढते, जिला हवा नकोच असते, आणि सगळे घाणेरडे वायू तीच सोडते. म्हणून हवेची नळी जेवढी आखूड, सरळ आणि रुंद तेवढं उत्तम, मध्ये खोलगट वळण नको, तिथे पाणी साचून बूच बसतं. आणि टाकीत ब्लीच किंवा जंतू मारणारं निळं औषध ओतलं की काम करणारे जिवाणूही मरतात, म्हणजे मजूर हाकलून द्यायचे आणि मग काम होत नाही म्हणून ओरडायचं. व्हेंट बंद असताना पंप-आउट करायला गेलात तर मशीन ओढतं पण आत हवाच येत नाही, मग एकतर काही बाहेर येत नाही नाहीतर टाकी आत दबते, चिरतेसुद्धा. उलट बाजूने, भरलेल्या टाकीत जोर लावून पंप मारत राहिलं तर कुठलातरी जोड सुटतो, त्याचं वर्णन करत नाही, जेवणाची वेळ आहे.

तिसरा वास सगळ्यात चिवट. कुणी काही वापरलेलं नाही, व्हेंट मोकळी, टाकी रिकामी, तरी केबिनचं दार उघडलं की येतोच. इथे बहुतेक वेळा नळ्या गुन्हेगार असतात. रबराच्या आणि स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या भिंतीतून वर्षानुवर्षं वास झिरपतो, थेंबभर गळती नसतानाही. तपासायचं सोपं आहे: स्वच्छ फडकं गरम पाण्यात भिजवून पिळा, नळीच्या एका भागाभोवती गुंडाळा, गार होऊ द्या, मग बोटीच्या बाहेर मोकळ्या हवेत येऊन फडक्याचा वास घ्या. आला तर ती नळी गेली, बदला. जिथे नळी खाली झोळ खाते आणि मैला उभा राहतो तिथली सगळ्यात आधी जाते. नवीन घेताना खास सॅनिटेशनचीच घ्या, महाग आहे, मला पण बिल बघून घाम फुटला होता, पण ती सारखी सारखी बदलायचं काम नाही. बसवताना टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं, भांडी घासायचं लिक्विड लावायचं आणि प्रत्येक जोडाला स्टेनलेसचे दोन क्लॅम्प.

नळीत मैला उभा राहू नये यासाठी पंप जास्त मारा, एवढंच. दीड इंची नळीत फुटाला साधारण एक तृतीयांश लिटर पाणी बसतं, तेव्हा भांडं रिकामं दिसलं म्हणून माल टाकीत पोचला असं नसतं. पाहुण्यांना हे पटवणं अवघड जातं, सगळे चार पंप मारून बाहेर येतात.

भांड्यात खालून पाणी परत चढत असेल तर जोकर व्हॉल्व. रबराचा छोटा तुकडा, पुढे ओठासारखी चीर, पुढे जाऊ देतो मागे येऊ देत नाही. लघवी आणि खारं पाणी मिळून पांढरा क्षार जमतो, चीर मिटत नाही. अधूनमधून व्हिनेगर सोडून ठेवलं तर क्षार कमी चढतो, पण व्हॉल्व वर्षातून एकदा बदलाच. काम अर्ध्या तासाचं, हातमोजे घाला, आधी भरपूर साधं पाणी पंप करा. व्हिनेगर किंवा कुठलंही अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र येऊ द्यायचं नाही, क्लोरिन वायू होतो आणि बोटीचं बाथरूम म्हणजे कपाटाएवढी जागा.

कागदाचं म्हणाल तर आमच्याकडे टमरेल आहे. मराठी घरात तेवढा फायदा, चोक होण्याचा प्रश्नच मिटला, फक्त टाकी थोडी लवकर भरते. अमेरिकन पाहुणे आले की पातळ, पटकन विरघळणारा कागद ठेवतो. वेट वाइप्स मात्र बोटीवर आणायचेच नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

ऑक्टोबर संपला की, थंडीत आतलं पाणी गोठू नये म्हणून, टाकी पंप-आउट करून, पाणी भरून परत एकदा पंप-आउट, आणि मग टॉयलेटमधून गुलाबी अँटीफ्रीज, भांड्यातून टाकीकडे गुलाबी जाताना दिसेपर्यंत. प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं घ्या, गाडीच्या रेडिएटरमधलं नको, ते बहुतेक एथिलीन ग्लायकॉल असतं आणि विषारी. व्हेंटच्या तोंडाशी नवीन जाळी लावायचीये मार्चच्या आत, माशा बाहेर पडायच्या आधी.