गनने लाखेचं पॉलिश: दुधी सावटाचा निकाल लागला (बहुतेक)

कपाटाचं डावं दार स्वच्छ निघालं! अक्रोडाच्या गडद फळीवर थर बसला, सुकला, आणि तिरप्या उजेडात कितीही निरखलं तरी गनने मारलेली लाख सुकताना येणारं ते दुधी सावट दिसेना. मागच्या नोंदीतला वैताग ज्यांनी वाचलाय, त्यांना याचं मोल कळेल. उजवं दार मात्र अजून पांढुरकंच आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

उजळणी थोडक्यात. मेण काढलेला चपडा (लाखेच्या पापड्या), लिटर स्पिरिटला (म्हणजे मुख्यतः इथेनॉलला) १८० ग्रॅम, बारीक जाळीतून गाळलेला. एचव्हीएलपी गन (जास्त हवा, कमी दाब), १.२ मिमीचं नोझल, गनच्या तोंडावरच्या कॅपपाशी दाब १० पीएसआयच्या आत. हेच मिश्रण कापडाच्या बोळ्याने लावलं तर नितळ बसतं आणि गनने मारलं की सुकता सुकता पांढरं पडतं. फिक्या लाकडावर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. अक्रोडावर लपायला जागा नाही.

पहिला संशय मेणावर होता, कारण बाटलीवर ‘डीवॅक्स्ड’ छापलेलं असतं म्हणून आत तसंच असतं असं नाही. पण काचेच्या पट्टीवर ब्रशने लावलेला थर पूर्ण पारदर्शक सुकला. मेण असतं तर ते तिथेही दिसलं असतं. मग पाळी आली हवेच्या नळीतल्या पाण्याची. गनमधून नुसती हवा बराच वेळ आरशावर सोडली, एक टिपूस नाही. सिलिका जेलचा ड्रायर तेवढ्यासाठी आणून बसवला होता. तो राहू द्या, चांगलीच सवय आहे, पण या दुखण्यावरचं औषध तो नव्हता.

उरला कोरडा फवारा. स्पिरिट इतकं चटकन उडतं की गन लांब धरली तर थेंब वाटेतच अर्धे सुकतात आणि लाकडावर पिठूळ होऊन पडतात. तोही पांढराच दिसतो. फरक बोटांना कळतो: कोरडा फवारा हाताला खरखरीत लागतो आणि जिथे थर विरळ, तिथे जास्त असतो. माझं सावट गुळगुळीत होतं आणि नेमकं जिथे थर भरपूर ओला बसला तिथेच, म्हणजे फवाऱ्याच्या पट्ट्या एकमेकींवर येतात त्या जोडावर आणि खालच्या आडपट्टीवर. हे लक्षात आल्यावर कोडं सुटायला लागलं.

ओल्या थरावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला. खोलीत २८ अंश, आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊन बसू लागते तो, २४ अंशांच्या जरासा वर येतो. थरावर आकडा २२ दिसला! स्पिरिट उडताना लाकडाच्या पृष्ठभागाची उष्णता ओढून नेतं, पृष्ठभाग दवबिंदूखाली जातो, हवेतली वाफ थरावर उतरते आणि पाण्यात न विरघळणारी लाख तिथल्या तिथे फाटते. आर्द्रता ५० टक्के असती तर २८ अंशांनाच दवबिंदू १७ च्या आत राहिला असता आणि हे नाटक घडलंच नसतं. बोळा का सुटतो तेही यातच आलं. त्याचा थर इतका पातळ असतो की गार व्हायला फारसं काही उडायलाच नसतं.

इथवर समाधान झालं असतं, पण स्पिरिटही तपासावं असं वाटलं. शुद्ध इथेनॉल २० अंशांना १०० मिली घेतलं तर ७८.९ ग्रॅम भरतं. माझं, त्याच तापमानाला, ८३ च्या जवळ भरलं. म्हणजे साधारण दहा टक्के पाणी! कॅनवर याबद्दल चकार शब्द नाही. असं स्पिरिट उडताना अल्कोहोल पुढे निघून जातं आणि मागे उरणाऱ्या द्रवात पाण्याचं प्रमाण वाढत जातं, नेमकं थर घट्ट होण्याच्या वेळी. बोळ्याला चालून जातं, गनला नाही. ‘पॉलिशचं स्पिरिट’ म्हणून जे विकलं जातं त्यावर माझा आता विश्वास उरलेला नाही. शुद्धतेचा आकडा लेबलवर असेल तरच घ्या, आणि डबा अर्धा झाला की लहान बाटलीत भरून घट्ट बंद करा, कारण ते हवेतलं पाणीही ओढतं. बाटली काचेची किंवा प्लास्टिकची. लाख आम्लधर्मी असते, उघड्या लोखंडात ठेवली की काळवंडते.

कोरडं इथेनॉल आणून नवं मिश्रण केलं. सावट कमी झालं, गेलं नाही. मग ब्युटॅनॉल घातलं, आणि इथे पारडं फिरलं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, ब्युटॅनॉल जवळजवळ ११८ ला. ते शेवटपर्यंत थरात रेंगाळतं, लाखेला विरघळलेली ठेवतं आणि पाण्याला निघून जायला वेळ देतं. पाच टक्क्यांवर कडेला पुसट धुरकट रेघ राहिली. दहावर सावट शून्य, पण उभ्या दारावर ओघळ. सात-आठच्या दरम्यान दोन्ही जमलं. शिवाय थर पसरायला वेळ मिळाल्याने ऑरेंज पीलही (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) जवळपास गायब झालं, तो फुकटचा नफा. तोटा इतकाच की पुढच्या थराआधी बराच जास्त थांबावं लागतं आणि वास डोक्यात जातो. सेंद्रिय वाफेची काडतुसं असलेला मास्क नसेल तर या भानगडीत पडू नका. साधा धुळीचा मास्क इथे निरुपयोगी आहे.

कॉम्प्रेसरऐवजी टर्बाइनच्या पंख्याने हवा देणारी गन घेतली तर सावट टळेल का, अशी विचारणा झाली होती. तिची हवा गरम असते, म्हणून सावट कमी येईल हे पटतं. पण त्याच उष्णतेने स्पिरिट आणखी लवकर उडणार आणि कोरड्या फवाऱ्याची कटकट वाढणार. लाखेसाठी मी कॉम्प्रेसर सोडणार नाही.

एक छोटा विजय नोंदवून ठेवतो: कपाटाचे आतले कोपरे. तिथे हवा उलटी फिरून फवारा परत अंगावर येतो आणि कोपरा खरखरीत होतो. यावेळी आतल्या फळ्या जोडण्याआधीच आडव्या ठेवून मारल्या, सरसाच्या जागांवर टेप लावून. लाखेवर सरस धरत नाही, तेव्हा टेपमध्ये आळस नको. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर ५० टक्के चढवून, गन १५ ते २० सेंटिमीटरवर, हात सरळ रेषेत. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा देखणी झालीये, जी कुणी बघणार नाही.

आता उजवं दार. ते सगळं खरवडून पुन्हा सुरुवात करायची असं ठरवलं होतं. आधी एका कोपऱ्यावर लाख न घालता नुसतं स्पिरिट आणि ब्युटॅनॉल हलकं फवारून पाहिलं. वरवरचं सावट विरघळून निघून गेलं, आडपट्टीवरचं खोल गेलेलं राहिलं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, खरवडायचं कशाला? लाखेचा प्रत्येक थर आधीच्यात विरघळतो, हाच तर तिचा मोठा गुण. आडपट्टीवर ब्युटॅनॉल मिसळलेल्या स्पिरिटचा बोळा, तेलाचा एखादा थेंब घेऊन, फिरवत गेलं तर अडकलेलं पाणी सुटायला हवं. नाहीच सुटलं तर ४०० चा पेपर आहेच. रंधा आणि स्क्रेपर तूर्त बाजूला.

दुसरी कल्पना: दार कोमट करून मारायचं. पृष्ठभाग ३५ अंशांवर असेल तर दवबिंदूपर्यंत घसरायला बरंच अंतर मिळतं. मात्र तापवायचं दुसऱ्या खोलीत आणि मारायचं गार होत असताना. तापत असताना मारलं तर छिद्रांतली हवा फुगून बुडबुडे काढते. आणि फवारणीच्या खोलीत हीटर कदापि नको. इथेनॉलची वाफ १३ अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी जमते. हे जमलं तर ब्युटॅनॉल तीन-चार टक्क्यांवर आणता येईल आणि वासही आटोक्यात राहील. म्हणून वरची फळी आधी अशी करून बघतो, मग दार.

वरच्या फळीवर शेवटी पॉलियुरेथेन द्यायचं आहे. लाख मेणविरहित निघाली, त्यामुळे पकडीची काळजी नाही. बुटाइल सेलोसॉल्व्ह कुणी रिटार्डर (सुकणं लांबवणारा द्रव) म्हणून लाखेत वापरलंय का? ते १७० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे थर फार वेळ मऊ राहील अशी मला शंका आहे. प्रमाण आणि पुढच्या थरापर्यंत किती थांबलात, दोन्ही कळवा.